प्रवेश मिळाला, जागा मिळाली का?

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत आपल्या कॉलेजच्या कार्यालयासमोर लांबच लांब रांग लागते. त्या रांगेकडे नीट पाहिले तर दोन प्रकारचे विद्यार्थी ओळखू येतात. एकाच्या फाइलीत सर्व कागद अनुक्रमाने लावलेले असतात, बरोबर वडील किंवा मोठी बहीण असते आणि खिडकीतून काय विचारले जाईल हे त्याला आधीच ठाऊक असते. दुसरा मात्र पिशवीत घरातले झाडून सगळे कागद घेऊन आलेला असतो. रेशनकार्डापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत. बरोबर कोणी असलेच तर तेही त्याच्याइतकेच भांबावलेले असते. खिडकीतून एखादा शब्द बाहेर पडतो, ‘बोनाफाईड’, ‘नॉन-क्रिमिलेअर’, ‘गॅप सर्टिफिकेट’, आणि तो मागच्याला हळूच विचारतो, “काय म्हणाले?” हा दुसरा विद्यार्थी म्हणजे आपल्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा पहिला माणूस. त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे या वार्षिकांकाच्या निमित्ताने मनात आले.

माझ्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. हे सांगण्यात काही विशेष आहे असे नाही. आपल्या कोणत्याही वर्गात हात वर करायला सांगितले तर असे पुष्कळ हात वर होतील. सांगण्याचे कारण एवढेच की या प्रश्नाकडे मी काठावर उभी राहून पाहत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शासनाने आणि समाजाने आम्हाला प्रवेश दिला. परंतु प्रवेश मिळणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत नाव लागले की प्रवेश मिळतो. जागा मिळते ती ‘हे कॉलेज माझेही आहे, येथे मला विचारता येईल, माझ्या बोलण्याला कोणी हसणार नाही’ असे वाटू लागल्यावर. ही भावना स्वागतसमारंभातल्या भाषणांनी निर्माण होत नाही. साध्या, रोजच्या, काहीशा कंटाळवाण्या व्यवस्थांतून ती हळूहळू तयार होते. अशा व्यवस्था उभ्या करणे हे कॉलेजचे काम आहे, विद्यार्थ्यावर केलेले उपकार नव्हेत.

सुशिक्षित घरातल्या मुलाला काही गोष्टी कोणी मुद्दाम शिकवत नाही. जेवता-जेवता, पाहुण्यांच्या गप्पांतून, थोरल्या भावाच्या रडगाण्यातून त्या त्याच्या कानावर पडलेल्या असतात. प्राध्यापकांना वर्गाबाहेरही भेटता येते. शंका विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. संदर्भग्रंथ विकत घ्यावा लागत नाही, तो ग्रंथालयात मिळतो. अंतर्गत परीक्षेचे गुण शेवटी मोठे ठरतात. एका विषयात गेले म्हणजे वर्ष गेलेच असे नाही. यांतली एकही गोष्ट क्रमिक पुस्तकात नाही. मात्र यांतली एक जरी ठाऊक नसली तरी हुशार विद्यार्थी मागे पडतो आणि मागे का पडलो हे त्याला स्वतःलाही कळत नाही. तो म्हणतो, “आपल्याला जमत नाही.” वस्तुतः त्याला जमत असते, त्याला ठाऊक नसते.

आमच्या गल्लीतील एका मुलीने “मला एटीकेटी लागली” असे घरी सांगितले तेव्हा तिच्या आजीने “मग दवाखान्यात दाखवलं का?” असे विचारले होते. हा विनोद आम्ही पुष्कळ दिवस एकमेकींना सांगितला. त्याचा उत्तरार्ध मात्र विनोदी नाही. एटीकेटी म्हणजे राहिलेला विषय पुन्हा देण्याच्या अटीवर पुढच्या वर्गात बसण्याची मुभा, हे त्या मुलीलाही ठाऊक नव्हते. आपण नापास झालो, आता शिक्षण संपले, असे धरून ती दोन आठवडे घरी बसली होती आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती. कोणीतरी सहज सांगितले म्हणून ती परत आली. एका मुलीचे शिक्षण कोणाच्या तरी ‘सहज’ सांगण्यावर अवलंबून असावे का? आता तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे मेजर, मायनर, क्रेडिट असे नवे शब्द आले आहेत. ज्यांच्या घरी जुन्या शब्दांचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते, त्यांच्या घरी नव्या शब्दांचा अर्थ कोण सांगणार?

मग आम्ही विचारतो कोणाला? खरे उत्तर दिले तर काही जण हसतील. आम्ही विचारतो शिपाईमामांना. कोणते सर कोठे बसतात, अर्जावर सही कोणाची लागते, भाऊसाहेब जेवायला गेले असतील तर किती वाजता येतात, हे सर्व मामा सांगतात. त्यांना विचारताना जीभ अडखळत नाही, कारण ते आमच्या वडिलांसारखे बोलतात आणि प्रश्न ऐकून भुवया उंचावत नाहीत. मामांचे आभार मानावेत तितके थोडेच आहेत. परंतु एवढ्या मोठ्या कॉलेजात नवख्या मुलाला निर्धास्तपणे प्रश्न विचारता येईल असे ठिकाण पाण्याच्या टाकीजवळच्या त्या स्टुलापाशीच असावे, याचा विचार आपण सर्वांनी केला पाहिजे.

हा प्रश्न आजचा नाही आणि त्याचे उत्तरही महाराष्ट्राला नवे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. त्याच्या एक वर्ष आधी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नोकरीतली जागा राखण्याच्या आधी महाराजांनी मुलाच्या अंथरुणाची आणि ताटाची जागा पाहिली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहायला खोली मिळत नसेल, जेवू घालायला कोणी तयार नसेल, तर शाळेचे दार उघडे असून उपयोग काय, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या काही वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली. ती जातवार निघाली याची खंत आज वाटेल. परंतु जातीमुळे खोली नाकारणारे शहर जसे होते तसे धरूनच महाराजांना मार्ग काढायचा होता.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याच्या पुढचे पाऊल टाकले. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. बोर्डिंगातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. आपण ती त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या माउलीने मुलांना धीराचे शब्द देऊन झोपवले नाही. मुलांना धान्य हवे होते, ते तिने आणले. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व भाऊरावांनी कॉलेजच्या पायरीपर्यंत आणले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे ‘मिलिंद’ या नावाने ओळखले जाऊ लागलेले महाविद्यालय. मराठवाड्यासारख्या उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी असलेल्या भागाची निवड त्यांनी विचारपूर्वक केली होती. आपण वार्षिकांकाची पाने वाचत आहोत म्हणून मिलिंदचा एक विशेष येथे सांगितलाच पाहिजे. तेथे शिकलेली पिढी पदव्या घेऊन थांबली नाही, ती लिहू लागली. १९६७ मध्ये तेथे ‘अस्मिता’ हे नियतकालिक सुरू झाले, पुढे डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ते ‘अस्मितादर्श’ झाले आणि दलित साहित्याचे हक्काचे व्यासपीठ ठरले. ज्या घरांत त्याआधी अक्षर पोहोचले नव्हते त्या घरांतल्या मुलांना कोणीतरी कागद दिला, छापण्याची हमी दिली, आणि मराठी साहित्याचा चेहरा बदलला. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती हेही याच मालिकेतले काम. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय ती आजतागायत करीत आहे.

या सर्व माणसांचे मार्ग वेगळे होते, राजकारण वेगळे होते. परंतु एका बाबतीत ते सारखे होते. विद्यार्थ्याला काय कमी पडते हे त्यांनी तपशिलात पाहिले: निजायला जागा, दोन वेळचे अन्न, करायला मानाचे काम, सोबतीला आपल्यासारखे चार जण, आणि मनातले बोलायला एखादे पान. या पाच गोष्टी असल्या की आपलेपणा मागाहून येतो. त्या नसतील तर कितीही गोड बोलले तरी तो येत नाही.

आज परिस्थिती कशी आहे? योजना नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची स्वाधार योजना आहे. नावे मोठी आहेत आणि योजनाही चांगल्या आहेत. परंतु योजना आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक अर्ज उभा असतो. तो ‘महाडीबीटी’वर भरायचा, त्यासाठी बँकेचे खाते आधारशी जोडलेले हवे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा, जातीचा दाखला हवा, काहींना आणखी एक प्रमाणपत्र हवे. सेतू केंद्रात एक खेप घातली की माझ्या वडिलांचा एका दिवसाचा रोज बुडतो, आणि एका खेपेत काम झाल्याचे मला आठवत नाही. एक कागद राहिला म्हणून अर्ज परत येतो. तो परत आल्याचे कळेपर्यंत मुदत संपत आलेली असते.

माझ्याबरोबर पहिल्या वर्षाला एक मुलगी होती. इतिहासाच्या तासाला सरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला नेहमी येत असे. ती ते मोठ्याने सांगत नसे, वहीच्या कोपऱ्यात लिहून शेजारणीला दाखवीत असे. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज कोठेतरी अडकला. शिष्यवृत्ती आली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, असे तिला वाटले. तसे काही नव्हते. पण तसे नाही हे सांगणारे कोणी तिला भेटले नाही. दुसऱ्या वर्षी हजेरीपट नवा आला, त्यात तिचे नाव नव्हते, इतकेच. वर्ग भरला, तास सुरू झाला. अशा गळतीला आवाज नसतो. नापास झालेल्यांची संख्या निकालपत्रकात मिळते. पास होऊनही न परतलेल्यांची संख्या कोणत्या रकान्यात मिळेल?

कागदावर पाहिले तर यावरही उपाय आहे. प्रत्येक प्राध्यापकाकडे काही विद्यार्थी सोपवलेले असतात. त्याला मार्गदर्शक योजना किंवा पालक-प्राध्यापक योजना म्हणतात. नॅकच्या मूल्यमापनात मार्गदर्शक प्राध्यापकांमागे विद्यार्थ्यांचे प्रमाण किती, हे विचारले जात आले आहे. त्यामुळे याद्या सगळीकडे आहेत. आमचे ‘पालक’ कोण हे आम्हाला सहीचा कागद आला तेव्हा कळले. प्राध्यापकांना यात सर्वस्वी दोष देता येणार नाही हेही मी जाणते. कित्येक जण तासिका तत्त्वावर शिकवतात, दोन-दोन कॉलेजे सांभाळतात. ज्यांची स्वतःची जागा पक्की नाही त्यांनी दुसऱ्याला जागा द्यावी अशी अपेक्षा कितीशी न्याय्य आहे? तरीही माझा आग्रह आहे की यादी करणे हे काम नव्हे. सत्रातून दोनदा पंधरा मिनिटे समोरासमोर बसून “अर्ज भरलास का? राहतेस कोठे? एस.टी. किती वाजता असते?” एवढे तीन प्रश्न विचारणे हे काम आहे.

‘कमवा आणि शिका’ ही योजना आजही अनेक कॉलेजांत आहे. तिच्याविषयी एक निरीक्षण नोंदवते. भाऊरावांच्या बोर्डिंगात सगळीच मुले काम करीत, म्हणून त्या कामाला मान होता. आज बागेतले गवत काढायला त्यांतले चौघे बसतात आणि बाकीचे चारशे त्यांच्या अंगावरून कँटीनला जातात. सर्वांनी केले तर तो श्रमसंस्कार होतो. एकट्या गरजूने केले तर ती त्याच्या गरजेची जाहिरात होते. माझ्या माहितीतले दोन विद्यार्थी केवळ या कारणाने योजनेत नाव घालत नाहीत आणि त्याऐवजी रात्री धाब्यावर राबतात. हेच काम ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात दिले, आणि महिन्यातला एक दिवस प्राचार्यांपासून सर्वांनी झाडू हातात घेतला, तर चित्र पालटेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हे आपण अनुभवतोच. सात दिवस सगळे एकाच पातेल्यातले जेवतात, एकाच ओढ्यावर बंधारा घालतात आणि वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी मुले तेथे रात्री शेकोटीपाशी थांबता थांबत नाहीत. १९६९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे हे यश कोणत्याही अहवालात येत नसेल, पण मला ते बंधाऱ्याइतकेच पक्के वाटते.

भाषेचाही प्रश्न आहे. कला शाखेत, मराठीच्या वर्गात, तो अधिकच टोचतो. आमच्या घरात ‘आणि’ला ‘आन्’ म्हणतात, ‘पाणी’ला ‘पानी’. वर्गात वाचायला उभे राहिले की मागच्या बाकावर खसखस पिकते. पुढच्या वेळी तो विद्यार्थी उभा राहत नाही, आणि शिक्षकांच्या नोंदीत ‘वर्गात सहभाग नाही’ असे लिहिले जाते. मला प्रमाण मराठी शिकायची आहे, ती शिकवण्यासाठीच आपण येथे आहात. परंतु बहिणाबाई चौधरींचे उदाहरण पाहा. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती आपण अभ्यासतो, आणि २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. म्हणजे जिला सही करता येत नव्हती तिच्या नावाने आज हजारो पदव्या दिल्या जातात. तिच्या बोलीवर आपण परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न विचारतो. मग तसेच बोलणारी मुलगी वर्गात उभी राहिली की हसू का येते?

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप नेहमीचा आहे: “आम्हीही खेड्यातूनच आलो, रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास केला, आमचा हात कोणी धरला नव्हता.” असे म्हणणाऱ्या गुरुजनांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु हे म्हणायला ते आज आमच्यासमोर आहेत. त्यांच्याच बाकावर बसलेले आणि मध्येच परत गेलेले त्यांचे सोबती हे म्हणायला येथे नाहीत. पोहून पार गेलेल्याच्या साक्षीवरून नदी उथळ ठरत नाही. शिवाय खोदून विचारले तर यांतल्या बहुतेकांच्या गोष्टीत एखादे बोर्डिंग, एखादे हेडमास्तर, ई.बी.सी.ची सवलत किंवा एखाद्या मावशींचे घर निघतेच.

दुसरा आक्षेप असा की इतका आधार दिला तर विद्यार्थी परावलंबी होतील. मला याच्या उलट वाटते. ज्याला वाट ठाऊक असते तोच एकटा चालू शकतो. ज्याला ती ठाऊक नसते त्याला प्रत्येक वळणावर कोणाचे तरी तोंड पाहावे लागते. विद्यार्थ्याला मागायला लावणारी मदत परावलंबी करते. न मागता सर्वांना सारखी मिळणारी माहिती त्याला मोकळे करते. आम्हा लोकांना मागण्याची लाज वाटते, ही गोष्ट कृपया लक्षात घ्यावी. घरात शिकवलेले असते की कोणापुढे हात पसरू नये. कॉलेजात आल्यावर फी हप्त्याने भरता येईल का, हे विचारणेसुद्धा हात पसरण्यासारखे वाटते. म्हणून ‘ज्यांना अडचण असेल त्यांनी भेटावे’ ही सूचना फलकावर लावून भागत नाही. ज्याला खरी अडचण असते तो भेटत नाही.

तर मग काय करावे? मोठ्या निधीची मागणी मी करीत नाही. पुढील वर्षापासून आपल्याच कॉलेजात सहज करता येतील अशा पाच गोष्टी सुचवते.

पहिली, प्रवेशअर्जात एक रकाना वाढवावा: ‘आपल्या कुटुंबात यापूर्वी कोणी महाविद्यालयीन शिक्षण घेतले आहे काय?’ जात आणि उत्पन्न आपण विचारतो, हे विचारत नाही. त्यामुळे असे विद्यार्थी किती आहेत हे कॉलेजलाच ठाऊक नाही. तमिळनाडू सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत जाणाऱ्या, घरातील पहिल्या पदवीधराला शिक्षणशुल्कात सवलत देण्याची योजना २०१० मध्येच आणली. म्हणजे हा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर उपयोगी पडते.

दुसरी, प्रवेशाच्या पंधरवड्यात कार्यालयाच्या खिडकीआधी एक टेबल मांडावे आणि त्यावर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी बसावे. कागद तेथेच तपासून, लावून द्यावेत. खिडकीतल्या भाऊसाहेबांचाही त्रास वाचेल.

तिसरी, फीचे हप्ते, एटीकेटीचे नियम, शिष्यवृत्तीच्या मुदती आणि वर उल्लेखिलेल्या शब्दांचे अर्थ साध्या मराठीत चार पानांवर छापून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याच्या हातात द्यावेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सूचना येते हे खरे. परंतु ज्या घरात एकच फोन आहे आणि तो दिवसभर वडिलांबरोबर असतो तेथे ती रात्री नऊला पोहोचते.

चौथी, अभ्यासिका शेवटच्या एस.टी.च्या वेळेपर्यंत उघडी असावी. चार वाजता कुलूप लागते आणि गाडी सव्वासहाला असते. मधले सव्वादोन तास मुली स्टँडवरच्या बाकावर काढतात. दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नसतो. कॉलेजने हे दोन तास दिले तर ते शिष्यवृत्तीइतकेच मोलाचे ठरतील.

पाचवी, पालकसभा बाजाराच्या दिवशी घ्यावी. आजवर ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला होते आणि मग ‘पालक येत नाहीत, त्यांना आस्था नाही’ असा निष्कर्ष निघतो. आमचे आईवडील आठवड्यातून एकदा या गावात येतातच. बाजार उरकून, पिशवी बाजूला ठेवून तासभर बसायला त्यांना सांगा आणि हजेरीच्या तक्रारींऐवजी त्यांची मुले येथे काय शिकतात ते दाखवा. मग पाहा, आस्था आहे की नाही.

शेवटी दोन शब्द माझ्यासारख्याच विद्यार्थी मित्रमैत्रिणींसाठी. जागा दुसऱ्याने देण्याची जशी असते तशी आपण करण्याचीही असते. आपण आपले घर फाटकाबाहेर ठेवून आत येतो. वडील काय करतात असे कोणी विचारले की विषय बदलतो. कॉलेजचे स्नेहसंमेलन पाहायला आईला यायचे असते, तिला आपण आणत नाही. ज्यांच्या कष्टावर आपण येथे उभे आहोत त्यांना लपवून मिळालेली प्रतिष्ठा टिकाऊ नसते. आणि आपण तिसऱ्या वर्षाला पोहोचलो की पहिल्या वर्षाच्या त्या पिशवीवाल्या विद्यार्थ्याला ओळखण्याची पहिली जबाबदारी आपली आहे. प्राध्यापकांना तो दिसेलच असे नाही. आपल्याला तो लांबूनही दिसतो.

घरातला पहिला विद्यार्थी एकटा शिकत नसतो. त्याच्या मागे धाकटी बहीण असते, चुलत्याची मुले असतात, शेजारच्या घरातली दहावीला बसलेली पोर असते. तो पदवी घेऊन बाहेर पडला तर त्यांचा रस्ता न बोलता मोकळा होतो. तो अर्ध्यावरून परत गेला तर गावात पारावर एकच वाक्य बोलले जाते: “शिकून काय दिवे लावले?” आणि त्या एका वाक्याने चार घरांची दारे लागतात. म्हणून एका मुलाचा राहिलेला अर्ज, एका मुलीने न विचारलेली शंका, चार वाजता लागणारे अभ्यासिकेचे कुलूप या क्षुल्लक बाबी नव्हेत. माझी धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. जूनमध्ये ती याच रांगेत उभी राहील. तिच्याबरोबर मी असेन, हे तिचे भाग्य. जिच्याबरोबर कोणी नसेल तिच्याबरोबर कॉलेजने उभे राहावे, एवढीच विनंती.

(तृतीय वर्ष कला, मराठी विभाग)